चवडा दुखतोय? दुकानातले पॅड, त्यांची खरी जागा आणि पैसे कुठे वाचवावेत

केमिस्टकडे जाऊन ‘चवडा दुखतो, काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवर जेलची एक पारदर्शक चकती येते आणि तिच्यासोबत फुकटचा सल्ला: ‘दुखतं तिथे चिकटवा.’ चकती वाईट नसते, सल्ला फसवा असतो. चवड्यासाठी मिळणारी कुठलीही वस्तू घ्या, दीडशेची असो की पाच हजारांची, ती नेमकी कुठे बसते यावरच तिचं यश ठरतं. आणि ती जागा दुखऱ्या ठिकाणाच्या जरा मागे, टाचेच्या बाजूला असते.

असं का, ते पायाच्या रचनेत आहे. तळपायाच्या पुढच्या अर्ध्या भागात पाच लांब हाडं असतात, त्यांना मेटाटार्सल म्हणतात. त्यांची पुढची गोल टोकं जिथे जमिनीला टेकतात तो चवडा. अंगठ्याच्या मेटाटार्सलच्या टोकाखाली आणखी दोन बारकी हाडं असतात, तिळासारखी म्हणून त्यांचं नाव सेसमॉइड. चालताना टाच उचलली गेली की क्षणभर सगळं वजन या पाच टोकांवर येतं. त्यातलं दुसरं आणि तिसरं हाड मधल्या पायात घट्ट रुतलेलं असतं, ते वरखाली सरकून भार चुकवू शकत नाही. म्हणून दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाखाली सुरू होतं. अनवाणी उभं राहिलं की खडा टोचल्यासारखं वाटतं आणि तिथेच घट्टा धरतो.

भार वाढायची कारणं ओळखीची आहेत. अंगठा बाहेरच्या बाजूला वळून त्याच्या मुळाशी गाठ आलेली असते, मग अंगठा आपला वाटा उचलत नाही. दुसरं मेटाटार्सल पहिल्यापेक्षा लांब असतं. दुसरं बोट अंगठ्याहून लांब असेल तर ती बाई नवऱ्यावर हुकूम चालवते असं म्हणतात. हाडाच्या लांबीचा चवड्यावर चालणारा हुकूम मात्र खरा आहे. पोटरी आखडलेली असते, टाचेची चप्पल उंच असते, बोटं पंज्यासारखी वाकलेली असतात. वय वाढलं की चवड्याखालची चरबीची गादीही पातळ होते.

मेटाटार्सल पॅड हाडांच्या टोकांच्या मागे, दांड्यांखाली टेकू देतो. दांडे किंचित उचलले गेले की टोकांवरचा दाब मागे वाटला जातो आणि टोकं एकमेकांपासून थोडी फाकतात. थेट टोकाखाली लावलेला जाड पॅड याच्या उलट करतो. जे टोक आधीच जास्त टेकत होतं, त्याच्याखाली उंचवटा येतो.

आता दुकानात काय मिळतं ते पाहू. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरची सर्जिकल सामानाची दुकानं, परळला मोठ्या रुग्णालयांच्या आसपासची दुकानं आणि ऑनलाइन, सगळीकडे माल साधारण सारखाच असतो.

जेलची सपाट चकती सर्वांत जास्त खपते. साधारण दोनशे ते पाचशे रुपयांत जोडी येते. हिला पॅड म्हणण्यापेक्षा गादी म्हणावं, कारण ती सगळीकडे सारख्याच जाडीची असते आणि तिला टेकू देणारा उंचवटा नसतो. चवड्याखालची चरबी झिजलेल्या वयस्कर माणसाला ही चकती खरोखर आराम देते, कारण तिथे कमी पडत असते ती गादीच. बाकीच्यांना दोन-चार दिवस बरं वाटतं आणि मग दुखणं परत येतं. मुंबईत हिची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर होते. घाम आणि पावसाच्या पाण्याने चिकट बाजू सुटते, चकती बोटांकडे सरकते आणि बुटाच्या टोकात गोळा होऊन बसते. सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवली तर चिकटपणा बराचसा परत येतो. उन्हात टाकू नका आणि टॉवेलने पुसू नका, नाहीतर तंतू कायमचे चिकटतात.

बोटात अडकवायचा जेल पॅड याच जातीचा, फक्त त्याला एक-दोन कड्या असतात. चपलेत टिकतो हा त्याचा एकमेव गुण. कडीखालची त्वचा मात्र ओली राहते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिखल्या होणाऱ्यांनी हा घेऊ नये. जोडवी घालणाऱ्या बायकांनीही विचार करून घ्यावा. बंद बुटात जाड जोडवं आधीच दोन बोटांमधली जागा खातं, त्यात रबराची कडी आली की बोटं एकमेकांवर चढतात.

इलॅस्टिकच्या पट्ट्यात शिवलेला पॅड घरात अनवाणी वावरणाऱ्यांसाठी बनलेला आहे आणि मोज्याखालीही बसतो. त्यात दोन गोष्टी तपासा. पॅडचा उंचवटा मागे येतो का पाहा, कारण पट्टा गोल फिरतो आणि दुपारपर्यंत पॅड कडेला गेलेला असतो. दुसरं, पट्टा घट्ट नको. काढल्यावर त्वचेवर खोल वळ दिसत असेल तर तो चवडा आवळतोय, आणि नस दबल्यामुळे दुखत असेल तर हे आवळणंच दुखणं वाढवतं.

चौथा प्रकार फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचा, किंवा दाट फोमचा, थेंबाच्या आकाराचा, मागे चिकटपट्टी असलेला. दिसायला अगदी गरीब, पाकीटही साधं, आणि पैसा वसूल करणारा हाच. तो बुटाच्या आतल्या तळव्यावर, म्हणजे इनसोलवर लागतो, पायाला नाही. त्यामुळे एकदा जागा जमली की रोज लावायची कटकट संपते. जाडी 3 मिमीपासून 6 मिमीपर्यंत मिळते. पाय लहान किंवा बूट घट्ट असेल तर 3 मिमीने सुरुवात करावी. थेट 6 मिमीचा लावून ‘टोचतो’ म्हणत फेकून देणारे बरेच असतात.

तो लावायची पद्धत घाई न करता वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात.

बुटातला इनसोल बाहेर काढा. जुना असेल तर त्यावर बोटांचे आणि चवड्याचे काळपट खळगे दिसतील, ते उपयोगी आहेत. खुर्चीत बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. एका हाताने बोटं वर, नडगीच्या दिशेने वाकवा. तळव्याला हाडांची गोल टोकं वर येतात. दुसऱ्या हाताचा अंगठा सर्वांत दुखऱ्या टोकावर ठेवून हळूहळू टाचेकडे सरकवा. हाड संपून मऊ खोलगट भाग लागतो. पॅडचा उंचवटा याच खोलगटात यायला हवा. आता दुखऱ्या टोकावर लिपस्टिकचा ठिपका द्या, किंवा कुंकवात तेलाचा थेंब मिसळून लावा. इनसोलवर टाच तिच्या खळग्यात ठेवून पूर्ण वजन देऊन एकदाच उभे राहा आणि पाय सरळ वर उचला. ठिपका उमटेल. इनसोल चिकटवलेला असून निघत नसेल तर ठिपक्यासह अनवाणी पाय बुटात घालून उभे राहा.

उमटलेल्या ठिपक्याच्या मागच्या कडेपासून टाचेच्या दिशेने 5 ते 8 मिमी मोजा. पॅडची पुढची कड तिथे येते. थेंबाचं रुंद टोक बोटांकडे, निमुळतं टाचेकडे. हे उलटं लावलेलं खूपदा दिसतं, कारण हातात घेतल्यावर निमुळती बाजूच ‘पुढची’ वाटते. आडव्या दिशेने पॅड दुसऱ्या ते चौथ्या बोटाच्या रांगेत मध्यावर असावा. तिसऱ्या-चौथ्या बोटात जळजळ आणि बधिरपणा असेल तर मध्य त्या दोघांच्या मधोमध धरा.

पहिल्या दिवशी चिकटपट्टीचा कागद काढू नका. दुहेरी टेपचे दोन तुकडे लावून तात्पुरता बसवा आणि घरातच अर्धा तास चाला. तळव्याच्या मध्याशी मऊ वाटाण्यासारखं काहीतरी जाणवणं ठीक आहे, दोन-तीन दिवसांत ते विसरायला होतं. चवड्याचं दुखणं वाढलं तर पॅड पुढे गेलाय, 2-3 मिमी मागे घ्या. पायाची कमान भरून येत असेल तर तो फार मागे आहे किंवा फार जाड आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. जागा जमली की पक्का चिकटवा. पहिल्या दिवशी एक-दोन तास, मग रोज तासभर वाढवत न्या. विरार-चर्चगेट उभ्याने प्रवास करायच्या दिवशी नवा पॅड पहिल्यांदा घालू नये. एकाच पायात लावला तरी चालतो, टाचेची उंची त्याने बदलत नाही.

फेल्ट दबतो. रोजच्या वापरात काही महिन्यांत त्याची जाडी उतरते आणि ‘आता उपयोग होत नाही’ अशी तक्रार सुरू होते. नवा पॅड शेजारी ठेवून जाडी ताडून पाहा. भिजल्यावर तर तो लवकरच मरतो. पावसाळ्यापुरता त्याच आकाराचा दाट फोम किंवा रबराचा पॅड घेणं शहाणपणाचं.

खरी अडचण चपलांची आहे. दिवसाचा निम्मा वेळ आपण चपलेत असतो आणि उरलेला घरात टाइल्सवर अनवाणी. हवाई चपलेच्या ओल्या रबरावर चिकटपट्टी दोन दिवस टिकत नाही. हवाई चप्पल घासून गेलेली आहे का, ते हाताच्या अंगठ्याने चवड्याच्या जागी जोरात दाबून पाहा. खालची फरशी जाणवली तर ती चप्पल टाकून द्या. कोल्हापुरीबद्दल प्रेम असलं तरी खरं बोलायला हवं. चामड्याचा तळ कडक असतो आणि चवड्याखाली गादी जवळजवळ नसतेच. दुखणं असेतो ती लग्नकार्यापुरती.

चपलेसाठी नाव लक्षात ठेवायचं ते एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. पायाची संवेदना गेलेल्या कुष्ठरुग्णांसाठी आणि पुढे मधुमेही पायांसाठी आपल्याकडे हे मऊ रबर वर्षानुवर्षं वापरलं गेलं आहे. वर एमसीआर, खाली झीज सोसणारं कडक रबर, आणि वर पट्टे असलेली सँडल. दिसायला डौलदार नसते. पण घरात, ओट्यासमोर तासन्‌तास उभं राहणाऱ्या माणसाला या चपलेने जेवढा फरक पडतो तेवढा बाहेरच्या महागड्या बुटाने पडत नाही. चांगला गटई कारागीर एमसीआरचा वरचा थर उचलून त्याखाली फेल्टचा पॅड रबर सोल्युशनने बसवून देतो. त्याला तोंडी सांगू नका. चपलेवर पेनने पॅडची पुढची कड आखून द्या आणि म्हणा, ‘काका, या रेषेच्या पुढे अजिबात नको.’ नाहीतर हात सवयीने पॅड पुढेच लावतो.

बुटांचं थोडक्यात. कागदावर उभं राहून पायाची बाह्यरेषा काढा आणि तिच्यावर बुटाचा इनसोल ठेवा. बोटांचा भाग इनसोलबाहेर येत असेल तर त्या बुटात कुठलाही पॅड घालणं व्यर्थ आहे, कारण पॅडलाही जागा लागते. माप संध्याकाळी घ्यावं, तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो. सर्वांत लांब बोटापुढे, मग ते दुसरं का असेना, हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. लिंकिंग रोडवर मिळणारे पातळ तळाचे, निमुळत्या टोकाचे पंप शूज चवड्याच्या दुखण्याला आमंत्रण आहेत, ते सपाट असले तरी. टाच 2-3 सेंमीपेक्षा उंच नको. तळ पुढच्या भागात थोडा ताठ आणि बोटांकडे वर वळलेला असेल तर चवड्याला कमी वाकावं लागतं. होकाच्या बऱ्याच धावायच्या बुटांत हा वळण घेतलेला तळ असतो. बर्केनस्टॉकच्या तळव्यात चवड्यामागचा आडवा उंचवटा आधीच घडवलेला असतो. पण तो सगळ्यांना एकाच जागी मिळतो आणि तुमची जागा तीच असेल असं नाही. दुकानात दहा मिनिटं घालून फिरा, तो उंचवटा हाडांच्या टोकांखाली येत असेल तर सोडून द्या.

पॅडइतकंच काम पोटरी करते, आणि ते फुकट आहे. पोटरी आखडली की चालताना टाच वेळेआधी उचलली जाते आणि चवडा जास्त वेळ भार वाहतो. भिंतीसमोर उभे राहा, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला, गुडघा ताठ, पावलं सरळ पुढे. पुढे झुका, पोटरीत ताण आला की 30 सेकंद थांबा. असं तीनदा. मग गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीनदा, कारण खोलवरचा स्नायू तेव्हाच ताणला जातो. दिवसातून दोनदा. नेहमीची चूक म्हणजे मागचा पाय बाहेर वळवणं, त्याने ताण निसटतो. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पॅड मात्र जागेवर असेल तर दोन आठवड्यांतच आपली लायकी दाखवतो.

दुखणं भडकलं असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं. घट्टा दगडासारखा झाला असेल तर कोमट पाण्यात पाय भिजवून प्युमिस दगडाने हलका घासा. ब्लेड नको. कॉर्न कॅपबद्दल, म्हणजे कुरुपावर लावायच्या औषधी पट्टीबद्दल, विशेष सांगायला हवं. तिच्यात सहसा 40 टक्के सॅलिसिलिक अॅसिड असतं, ते कुरूप आणि आजूबाजूची चांगली त्वचा यांत भेद करत नाही. शिवाय घट्टा हा दाबाचा परिणाम आहे, दाब तसाच ठेवून तो काढला तर महिन्याभरात परत येतो.

कोणी कुठलाही पॅड विकत घेऊ नये, अशा काही अवस्था आहेत. मधुमेह असून पाय बधिर असेल तर चिकटवायचं काहीही पायाला लावायचं नाही. घडी पडली किंवा घासलं तरी कळत नाही आणि जखम कळेपर्यंत उशीर होतो. अशांनी आधी संवेदना तपासून घ्यावी. 10 ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने पाच मिनिटांत ती तपासणी होते. अचानक चालणं-धावणं वाढवल्यावर एका हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं आणि पावलावर सूज असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. जानेवारीतल्या मॅरेथॉनची तयारी उशिरा सुरू करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर धावायला लागू नये. दुसरं बोट हळूहळू वर उचललं जातंय किंवा अंगठ्याकडे सरकतंय, असं दिसलं तर सांध्याखालचा जाड पडदा फाटत असण्याची शक्यता असते. तिथे बोट टेपने खाली धरून ठेवावं लागतं आणि ते शिकून घ्यावं. अंगठ्याचा सांधा रातोरात लाल, गरम होऊन चादरीचा स्पर्शही नको झाला तर ते बहुधा गाउटचं काम. दोन्ही चवडे आणि हातांची बोटं सकाळी तासभर आखडलेली असतील तर संधिवाताची रक्ततपासणी आधी.

तिसऱ्या-चौथ्या बोटातली जळजळ, विजेसारखी चमक, बूट काढून चवडा चोळला की आराम, ही मॉर्टन न्यूरोमाची खूण. तिथून जाणारी नस दाटून जाड झालेली असते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टी. जी. मॉर्टन या शल्यचिकित्सकाने 1876 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. रुंद बूट आणि मागे लावलेला पॅड हाच पहिला उपाय. नाही जमलं तर स्टेरॉइडचं इंजेक्शन, पण ते वारंवार घेतलं तर चवड्याखालची चरबी झिजू शकते. शस्त्रक्रियेत नस काढली तर त्या बोटांमध्ये बधिरपणा राहतो, हे आधीच माहीत असावं.

शेवटचा माल सर्वांत महाग: मापावर बनवलेले इनसोल, काही हजारांना. यंत्रावर उभं करून पायावरच्या दाबाचा लाल-पिवळा-निळा नकाशा छापून देतात, लाल म्हणजे जास्त दाब, आणि लाल रंग पाहून माणूस घाबरून पैसे भरतो. चवड्याखाली थोडा लाल रंग कुणाच्याही पायात दिसेल. शिवाय नुसतं उभं राहून घेतलेला नकाशा चालतानाच्या दाबाबद्दल फार कमी सांगतो. पैसे देण्याआधी विचारा: पोटरीची लवचीकता तपासली का? चवड्यामागचा उंचवटा कुठे येणार, आणि जागा चुकली तर तो हलवून मिळेल का? वरचं आवरण बदलता येतं का? ‘हलवता येणार नाही’ असं उत्तर आलं तर निघा, कारण पहिल्याच फटक्यात जागा अचूक बसणं विरळा. पायात मोठी विकृती, संधिवात किंवा मधुमेही पाय असेल तर असे इनसोल हवेतच. त्यासाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्था आहे. तिथे कृत्रिम अवयव आणि पायाची साधनं बनवणारा विभाग आहे. रांग लागते, सकाळी लवकर जावं, रोजच्या वापराचे बूट आणि चपला दोन्ही पिशवीत घेऊन. जुन्या चपलेचा झिजलेला तळ पाहून तपासणाऱ्याला जे कळतं ते रंगीत कागदावर नसतं.

साध्या दुखण्याला मात्र आधी फेल्टचा पॅड, घरात एमसीआरची चप्पल आणि पोटरीचा ताण, हे तिन्ही मिळून दोन महिने नीट करून पाहावं. खर्च महागड्या इनसोलच्या एका हप्त्याएवढाही होत नाही. लिपस्टिक घरातलीच.